सामाईक भिंत

[दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांचे बालपण कसे गेले, हे त्या पिढीने पुढे लिहून व सांगून ठेवले आहे. अशा अनेक आठवणींच्या आधारे प्रस्तुत पाठ रचला आहे. पाठातील दोन मुले व त्यांची कुटुंबे कल्पित आहेत. परंतु त्यांच्या भोवतालचे जग व त्या जगात घडलेल्या मोठ्या घटना खऱ्या आहेत.]

लंडन शहराच्या दक्षिणेस मॉर्डन नावाचे एक उपनगर आहे. पूर्वी ते एक लहानसे खेडे होते. भोवती शेते होती आणि जवळून वँडल नावाची चिमुकली नदी वाहत होती. १९२६ साली लंडनची भुयारी रेल्वे मॉर्डनपर्यंत आली आणि खेड्याचे रूप पालटले. दहा-बारा वर्षांत शेते नाहीशी झाली. त्यांच्या जागी घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस लाख नवी घरे बांधली गेली. शहरातील कोंदट वस्त्या सोडून हजारो कुटुंबे अशा उपनगरांत राहावयास आली.

यांतील पुष्कळशी घरे जोडघरे असत. एकाच छपराखाली, मधल्या एका सामाईक भिंतीने जोडलेली दोन घरे म्हणजे जोडघर. पुढे बाहेर आलेली खिडकी, कातरलेले हिरवे कुंपण आणि मागे परसबाग, अशी त्याची रचना असे. एका घरात जे डावीकडे, ते दुसऱ्या घरात उजवीकडे. जणू एकाने आरशात पाहावे आणि दुसरा दिसावा! दोन्ही घरांच्या शेगड्या सामाईक भिंतीला पाठ लावून असत, आणि दोहोंचा धूर एकाच धुराड्यातून वर जाई.

अशाच एका जोडघरात १९४२ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन मुलगे जन्मास आले. एक डावीकडच्या घरात, दुसरा उजवीकडच्या. तेव्हा युद्ध ऐन भरात होते. १९४४ च्या जूनमध्ये शत्रूचे उडते बॉम्ब येऊ लागले आणि दक्षिण लंडनच्या उपनगरांस त्यांचा फार मोठा तडाखा बसला. हे बॉम्ब घरघर आवाज करीत येत. आवाज बंद पडला की बॉम्ब खाली कोसळणार, हे सर्वांस ठाऊक असे. आवाज बंद पडे; क्षणभर भीषण शांतता पसरे; मग कोठेतरी स्फोट होई. तो झाल्यावर डावीकडच्या घरातील आई सामाईक भिंतीवर तीन वेळा टकटक करी. "आम्ही सुखरूप आहोत," असा त्याचा अर्थ होता. पलीकडूनही लगेच तीन वेळा टकटक होई.

युद्ध १९४५ साली संपले. मुलांस त्यातले फारसे काही आठवत नव्हते. परंतु भिंतीवरची ती खूण मात्र त्यांनी आयांकडून उचलली. रात्री निजण्यापूर्वी एकाने तीन वेळा टकटक करायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, हा त्यांचा नेम होऊन बसला.

युद्ध संपले, तरी टंचाई संपली नाही. देश कर्जात बुडालेला होता आणि अन्नधान्य परदेशांतून आणावे लागे. लोणी, साखर, मांस, चहा, अंडी, कापड, साबण, सारे काही शिधापत्रिकेवर मोजून मिळे. युद्धकाळातही ज्या पावावर नियंत्रण नव्हते, त्यावर ते शांततेच्या काळात, १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षे राहिले. चहा बराच काळ माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम मिळे. आसामातून आणि सिलोनमधून येणाऱ्या त्या काळ्या पत्तीची चिमूट न् चिमूट जपून वापरली जाई. डावीकडच्या घरात चहा कमी पडे, उजवीकडच्या घरात साखर. मग परसातील कुंपणावरून इकडची साखर तिकडे जाई आणि तिकडचा चहा इकडे येई. हिशेब कोणी लिहून ठेवीत नसे. पण विसरतही नसे.

महायुद्धात केळ्यांची आयात बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिली केळी मुलांसाठी राखून ठेवण्यात आली. चार-पाच वर्षांच्या कित्येक मुलांनी केळे जन्मात पाहिले नव्हते. ते सोलून खायचे असते, हेसुद्धा त्यांना सांगावे लागले. उजवीकडच्या मुलाने सालीसकट एक घास घेतला आणि तोंड वाकडे करून सांगितले, "हे फळ चित्रातच छान दिसते."

१९४७ च्या जानेवारीअखेर मोठा हिमवर्षाव सुरू झाला. तो मार्चपर्यंत वारंवार होत राहिला. रस्ते बंद झाले; कोळशाच्या गाड्या जागच्या जागी अडकल्या; वीज ठरावीक तासच मिळू लागली. घरात एकाच खोलीत शेगडी पेटे. निजायच्या खोलीत इतका गारठा असे की, सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटलेली दिसे. दोन्ही आया जुन्या बाबागाड्या घेऊन कोळशाच्या वखारीपुढे रांगेत उभ्या राहत. मिळालेला कोळसा कमी असला म्हणजे दोन्ही कुटुंबे संध्याकाळी एकाच शेगडीभोवती बसत. भिंतीच्या एका बाजूस शेगडी पेटली की, दुसऱ्या बाजूची भिंतही थोडी ऊबदार होते, हे ज्ञान मुलांस त्या हिवाळ्यात झाले.

तरीही ते बालपण उदास नव्हते. रस्त्यावर मोटारी फारच थोड्या असत; त्यामुळे सारी गल्ली हेच मुलांचे क्रीडांगण होते. दिव्याच्या खांबावर खडूने तीन रेघा ओढल्या की यष्ट्या तयार होत. मुली दोरीवरच्या उड्या मारीत. शरद ऋतूत घोडचेस्टनटची तपकिरी, गुळगुळीत फळे दोऱ्यात ओवून एकमेकांच्या फळावर आपटायची आणि कोणाचे आधी फुटते ते पाहायचे, हा मुलांचा आवडता खेळ असे. युद्धकाळात परसात अर्धवट पुरलेला पन्हळी पत्र्याचा निवारा आता कोणाकडे कोठी झाला होता, तर कोणाकडे मुलांचा किल्ला. दूधवाल्याचा किंवा कोळसेवाल्याचा घोडा गल्लीतून गेला की, बादली आणि फावडे घेऊन मुले धावत. कारण गुलाबाच्या झाडांस घोड्याची लीद फार मानवते. संध्याकाळी पावणेसात वाजता मात्र गल्ली ओस पडे. १९४६ पासून १९५१ पर्यंत त्या वेळी नभोवाणीवर डिक बार्टन या गुप्तहेराची साहसकथा लागत असे. एकच आवाज भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ऐकू येई.

शाळेत प्रत्येक मुलाला रोज एक-तृतीयांश पिंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध मोफत मिळे. १९४६ च्या कायद्याने ही सोय सर्व शाळांतून झाली होती. १९४८ च्या जुलैपासून डॉक्टरांची फी देणेही थांबले. ज्याचा बाप बँकेत कारकून, त्याला जेवढे दूध, तेवढेच ज्याचा बाप बस चालवतो त्याला. डावीकडच्या मुलाचे वडील कारकून होते, उजवीकडच्याचे बसचालक. मुलांना यात काही वेगळेपण आहे असे कधी वाटलेही नाही.

मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची टंचाई म्हणजे गोळ्या-चॉकलेटांची. ज्या उन्हाळ्यात ती जन्मली, त्याच उन्हाळ्यात गोळ्यांवर नियंत्रण आले होते. बराच काळ चार आठवड्यांना बारा औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, एवढाच वाटा असे. शनिवारी दोघे मित्र शिधापत्रिका आणि नाणी मुठीत घट्ट धरून दुकानात जात. दुकानदार काचेच्या बरणीतून गोळ्या तराजूत टाकी, एखादी जास्त झाली तर काढून घेई, कूपन कापी आणि कागदाची पुडी हातात देई. एक मित्र गोळ्या घेई, दुसरा चॉकलेटची वडी. मग वाटणी होई. या वाटणीवरून एकदा भांडण झाले, तेव्हा डावीकडच्या मुलाच्या आईने एक नियम घालून दिला: "एकाने तोडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचे." तेव्हापासून चॉकलेटचे दोन तुकडे इतके बिनचूक सारखे होऊ लागले की, दुकानदाराच्या तराजूनेही लाजावे.

१९४९ च्या एप्रिलमध्ये गोळ्यांवरचे नियंत्रण उठले. परंतु मागणी इतकी वाढली की दुकाने रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा लादावे लागले. ते कायमचे उठले ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. त्या दिवशी इंग्लंडमधील मुलांनी पैशांचे गल्ले फोडले आणि शाळा सुटताच दुकानांकडे धाव घेतली. दोघा मित्रांनी प्रत्येकी एक अखंड वडी घेतली. पण सवय सुटेना. दोघांनीही आपापली वडी मधोमध तोडली आणि दुसऱ्यापुढे धरली.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी लंडनवर एक भयंकर संकट आले होते. ५ डिसेंबर १९५२ पासून पाच दिवस शहरावर दाट, पिवळसर, विषारी धुके बसून राहिले. वारा पडला होता. लाखो घरांच्या शेगड्या, कारखाने आणि वीजकेंद्रे यांचा कोळशाचा धूर वर जाण्याऐवजी खालीच साचला. हात लांब केला तर बोटे दिसेनात. बसपुढे वाहक हातात दिवा घेऊन पायी चालत आणि त्या उजेडाच्या मागोमाग चालक बस नेई. उजवीकडच्या मुलाचे वडील एका रात्री असेच, पहाटेच्या सुमारास, काळवंडलेल्या चेहऱ्याने घरी परतले. त्या आठवड्यात सुमारे चार हजार माणसे दगावली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील संशोधनाने ही संख्या याहून बरीच अधिक ठरविली. ज्या शेगडीभोवती घर एकत्र येत होते, त्याच शेगडीचा धूर शेजाऱ्याचा जीव घेऊ शकतो, हे लोकांना कळून चुकले. चार वर्षांनी, १९५६ साली, शुद्ध हवेचा कायदा झाला.

धुके ओसरले, परंतु त्या घरांपुढे आता निराळीच चिंता उभी होती. दोन्ही मुले अकरा वर्षांची होत आली होती. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये सर्वांना माध्यमिक शिक्षण मोफत मिळू लागले होते. पण कोणी कोणत्या शाळेत जायचे, हे बहुतेक ठिकाणी एका परीक्षेवरून ठरे. अंकगणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन अशा तिच्या प्रश्नपत्रिका असत. तिला लोक 'इलेव्हन प्लस' म्हणत. सुमारे पाचांपैकी एक किंवा चारांपैकी एक मूल तीत यशस्वी होई. त्यास ग्रामर स्कूलमध्ये प्रवेश मिळे. तेथून पुढे विद्यापीठाची वाट होती. उरलेल्यांपैकी बहुतेक मुले सेकंडरी मॉडर्न शाळेत जात आणि पंधराव्या वर्षी शिक्षण संपवून कामास लागत. मुलाची बुद्धी अकराव्या वर्षीच मोजता येते आणि ती पुढे फारशी बदलत नाही, असा त्या काळी अनेक तज्ज्ञांचा विश्वास होता.

दोन्ही घरांनी मुलांस वचन दिले होते: "पास झालास तर सायकल." परीक्षेच्या दिवशी दोघे एकाच बसने गेले. उजवीकडचा मुलगा कामसू होता. बिघडलेला नभोवाणी-संच खोलून पुन्हा बोलता करण्यात त्याचा हातखंडा होता. पण त्याला विचार करण्यास वेळ लागे. त्याने घड्याळाकडे पाहिले, तो गडबडला आणि शेवटच्या पानावर पोहोचण्यापूर्वीच घंटा झाली.

काही आठवड्यांनी एका सकाळी दोन्ही दारांतून दोन लिफाफे आत पडले. डावीकडच्या घरात आनंदाचा कल्लोळ झाला आणि मग एकाएकी सारे चूप झाले. कारण भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. त्या रात्री डावीकडच्या मुलाने तीन वेळा टकटक केले. उत्तर आले नाही. तो पुष्कळ वेळ भिंतीला कान लावून बसला.

२ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशी थंडी होती आणि पाऊस लागून राहिला होता. सकाळच्या वृत्तपत्रांत आणखी एक वार्ता झळकली: एव्हरेस्ट सर झाले! दार्जिलिंगचे तेनसिंग नोर्गे आणि न्यूझीलंडचे एडमंड हिलरी २९ मे रोजी शिखरावर पोहोचले होते. गल्लीत ज्या एका घरी दूरचित्रवाणी-संच होता, तेथे पडदे ओढून वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसली. त्या दिवशी देशात दोन कोटींहून अधिक लोकांनी तो सोहळा असाच पाहिला. दुपारी मुलांची मेजवानी झाली. एरवी शेजारी शेजारी बसणारे दोन मित्र त्या दिवशी मेजाच्या दोन टोकांना बसले. अखेर डावीकडचा मुलगा उठला, आपली नवी सायकल घेऊन आला आणि म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत तू, परत येताना मी." उजवीकडचा काही वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने सायकल हाती घेतली.

सायकल वाटून घेता आली; शाळा मात्र वाटून घेता येईना. सप्टेंबरपासून एकाच्या डोक्यावर बिल्ल्याची टोपी आली आणि पाठीवर चामडी दप्तर. तो एका बसथांब्यावर उभा राही, दुसरा रस्त्यापलीकडच्या. एकाला रात्री लॅटिनचा अभ्यास असे. दुसऱ्याला गृहपाठ क्वचितच. भांडण असे काही झाले नाही. बोलण्याचे विषयच कमी होत गेले. १९५४ च्या जुलैमध्ये मांसावरचे नियंत्रण उठले आणि चौदा वर्षांची शिधापद्धती संपली. आता कुंपणावरून साखर मागण्याचे कारण उरले नाही. भिंतीवरची टकटकही केव्हा थांबली, ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

अकराव्या वर्षीच्या या निवाड्याबद्दल हळूहळू शंका घेतल्या जाऊ लागल्या. कोणत्या जिल्ह्यात ग्रामर स्कूलच्या जागा किती, यावर मुलाचे यश अवलंबून राही, हे उघड झाले. दरवर्षी हजारो मुलांची निवड चुकते, असे पाहणीतून दिसून आले. १९६५ साली सरकारने सर्वांसाठी एकच शाळा काढावी, अशी स्थानिक अधिकाऱ्यांस विनंती केली आणि पुढे बहुतेक जिल्ह्यांतून ती परीक्षा गेली. तरी इंग्लंडमध्ये आजही सुमारे एकशे साठ ग्रामर स्कूले आहेत आणि त्यांचा वाद संपलेला नाही.

डावीकडचा मुलगा विद्यापीठात गेला आणि नोकरीनिमित्त दूरच्या शहरी स्थायिक झाला. उजवीकडच्याने १९५७ साली शाळा सोडली आणि नभोवाणी-संच दुरुस्त करण्याचे काम धरले. वडिलांच्या मागे तो त्याच घरात राहिला. १९७१ च्या जानेवारीत ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले वर्ग सुरू झाले. पूर्वीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची तेथे अट नव्हती. पाठ टपालाने येत. काही व्याख्याने नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर होत. एकोणतिसाव्या वर्षी त्याने नाव घातले. दिवसभर काम करावे, रात्री वाचावे, सुटीच्या दिवशी लवकर उठून व्याख्यान ऐकावे, असा क्रम सहा वर्षे चालला. तेथे विचार करण्यास त्याला वेळ लागला, तरी कोणी घंटा वाजवली नाही.

पदवी मिळाल्याचे पत्र आले, त्या रात्री तो मागच्या खोलीत एकटाच उभा होता. भिंतीपलीकडे आता मित्र नव्हता. त्याची वृद्ध आई तेवढी राहत होती. का कोण जाणे, त्याने हात उचलला आणि भिंतीवर तीन वेळा टकटक केले.

क्षणभर शांतता पसरली. मग पलीकडून, हळू परंतु स्पष्ट, तीन वेळा टकटक झाली.

शब्दार्थ

सामाईक – दोघांच्या मालकीचा, समाईक. कोंदट – हवा न खेळणारा. परसबाग – घरामागची बाग. शिधापत्रिका – नियंत्रित दराने व ठरावीक प्रमाणात धान्य इत्यादी मिळण्यासाठी दिलेली नोंदवही. पन्हळी पत्रा – नागमोडी खाचा असलेला लोखंडी पत्रा. हातखंडा असणे – एखादे काम सहज व उत्तम करता येणे. निवाडा – निर्णय. पिंट – द्रव मोजण्याचे इंग्रजी माप. सुमारे ५६८ मिलिलिटर.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॉर्डन या खेड्याचे रूप कशामुळे पालटले?
(आ) भिंतीवर तीन वेळा टकटक करण्याचा मूळ अर्थ काय होता?
(इ) गोळ्यांवरचे नियंत्रण कायमचे केव्हा उठले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एकाने तोडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचे' या नियमामुळे वाटणी सारखी का होऊ लागली?
(आ) १९५२ च्या डिसेंबरमधील विषारी धुके कशामुळे पडले?
(इ) लिफाफे आले त्या रात्री भिंतीपलीकडून उत्तर का आले नसावे?

३. 'सायकल वाटून घेता आली. शाळा मात्र वाटून घेता येईना.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. टंचाईच्या काळात दोन घरे जवळ होती. टंचाई संपल्यावर ती दूर गेली. याची पाठात आलेली कारणे सांगा. त्यांपैकी कोणते कारण तुम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते व का?

५. वाक्यांत उपयोग करा: रूप पालटणे, ध्यानात येणे, कळून चुकणे, ओस पडणे.

६. 'दूधवाला येई', 'बोटे दिसेनात', 'मुले धावत' या क्रियापदांची रूपे पाहा. त्यांपैकी भूतकाळातील नेहमीची क्रिया दाखविणारी रूपे कोणती? पाठातून अशी आणखी पाच रूपे शोधून लिहा.

७. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या शेजाराविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली एक आठवण दहा ओळींत लिहा.